उडती बदकं टिपताना: नाथसागरावरची एक फ्रेम, चिकित्सा करा

खाम_नदी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. संभाजीनगरहून पैठणला, नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) फुगवट्यावर, हिवाळाभर माझं जाणं-येणं चालू असतं. बसलेल्या बदकांचे फोटो आता पुरे झाले. डोळा, चोच, प्रतिबिंब सगळं जागच्या जागी असतं आणि तरी फोटो पासपोर्टसाठी काढल्यासारखा दिसतो. म्हणून यंदा फक्त हालचालीच्या मागे लागलोय: पाण्यातून उसळणं, उतरणं, पंख झटकणं, आपसातली भांडणं.

सोबतचा फोटो बघा. नर तलवार बदक, पाणी सोडतानाचा क्षण. पंख वर, शेपटीची लांब पिसं अजून पाण्याला टेकलेली, पोटाखालून थेंबांची माळ. क्रॉप (लहान) सेन्सरचा बॉडी, ६०० मिमी लेन्स, शटर १/२५०० सेकंद, ॲपर्चर एफ ६.३, आयएसओ १२५०. सकाळचे साडेसात. पहिली आवृत्ती कॅमेऱ्यातून आली तशी, दुसरी माझ्या प्रोसेसिंगनंतरची.

प्रश्न असे. पक्षी किंचित पाठमोरा आहे, बहुतेक वेळा असाच मिळतो, हे कसं टाळायचं? नॉइज (फोटोतले बारीक दाणे) काढल्यावर कुशीवरचं पीस मेणासारखं दिसतंय, ते का? आणि मागे डाव्या कोपऱ्यात मासेमारीच्या जाळ्याची काठी आणि दोन पांढरे तरंगे आहेत. ते काढू का ठेवू? घरात यावरून दोन तट पडलेत.

मनमोकळं लिहा. वाहवा नकोय.

---

लातूरकर

वाहवा नकोय म्हणालात म्हणून सरळ लिहितो. क्षण उत्तम पकडलाय, पण तुम्ही चुकीच्या काठावर बसला होतात.

बदक वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. उचल मिळायला समोरून वारा लागतो, विमानाचंही तेच. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचा वारा बहुधा पूर्व किंवा ईशान्येकडून असतो, आणि सूर्यही तिकडूनच येतो. म्हणजे सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसलात, की वाराही आपोआप पाठीशी येतो आणि उठणारा प्रत्येक पक्षी तुमच्या अंगावर येतो. छातीवर ऊन, डोळ्यात चमक, पंखांची आतली बाजू पाण्यावरून परतलेल्या उजेडात भरलेली. तुमच्या फ्रेममध्ये पाण्याच्या लाटा उजवीकडून डावीकडे सरकताना दिसतायत आणि बदक उजवीकडे तोंड करून थोडं आत वळलंय. म्हणजे वारा उजव्या अंगाने, समोरच्या बाजूला झुकलेला होता. तिथून पाठ मिळणार हे ठरलेलंच.

नाथसागराचा नकाशा उघडून बसा. गोदावरी पश्चिमेकडून येते, धरणाची भिंत पूर्वेला पैठणजवळ, पाणी पसरलंय पश्चिमेला. पण भिंतीवर जायची गरज नाही. ओढे जिथे पाण्याला मिळतात तिथे लहान लहान खाड्या तयार होतात. अशा खाडीचा पूर्वेकडचा काठ शोधा. निघण्याआधी हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा बघायला अर्धा मिनिट लागतो. मी लेन्सच्या पिशवीआधी ते बघतो.

पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी? त्या दिवशी बदकांच्या उतरण्याचे फोटो संध्याकाळी काढा. सगळं उलट, हिशोब तोच.

---

टिबुकली

वाऱ्याचं लातूरकरांनी बरोबर सांगितलं. मी पक्ष्याच्या बाजूने भर घालते.

सगळी बदकं सारखी उठत नाहीत. तलवार, थापट्या, चक्रांग, भुवई, हळदी-कुंकू ही वरवर चरणारी, डोकं खाली शेपूट वर करणारी मंडळी. यांना धावपट्टी लागत नाही. पाण्यावर पंख आपटून जागच्या जागी सरळ वर उसळतात. म्हणून उभी फ्रेम किंवा वर भरपूर जागा. लालसरी आणि तिच्यासारखी बुडी मारणारी बदकं मात्र पाण्यावरून धावत जातात, वारकरी पक्षी तर फारच. तिथे आडवी फ्रेम आणि पुढे जागा. खाम_नदी, तुमच्या फोटोत वरचा पंख कडेला टेकलाय, कारण तुम्ही उसळणाऱ्या पक्ष्याला धावणाऱ्या पक्ष्याची फ्रेम दिलीत.

दुसरं, उडायच्या आधी ते सांगतात. चरताना मान सैल असते. मग एकाची मान सरळ ताठ होते, मग शेजारच्याची. डोकं वरखाली झटकायला लागतात, आवाज बदलतो. पट्टकादंब हंसांमध्ये हे अगदी ठळक दिसतं, सगळा थवा माना हलवत एकमेकांना विचारतोय असं वाटतं. त्या वेळी बोट शटरवर पाहिजे, चहाच्या कपावर नाही.

पंख झटकण्याचा फोटो तर हमखास मिळतो. बदक आंघोळ करायला लागलं, डोकं बुडवून पाठीवर पाणी उडवायला लागलं, की कॅमेरा त्याच्यावर ठेवा आणि हलू नका. आंघोळ संपली की ते पाण्यात उभं राहून दोन-चारदा पंख फडफडवणार. जवळजवळ प्रत्येक वेळी. हे न उडवता, न त्रास देता मिळतं, आणि थापट्याच्या नराच्या खांद्यावरची ती फिकट निळी पट्टी तेव्हाच पूर्ण उघडते.

आणि घाई करू नका. ऑक्टोबरात आलेले नर अजून मादीसारख्या मळक्या पिसांत असतात. रंग भरतो डिसेंबर-जानेवारीत.

---

अर्धा_स्टॉप

१/२५०० बरोबर आहे, १/१००० नको. साधं गणित करा. बदकाचा वेग ताशी ७० किमी धरला तर सेकंदाला साधारण १९ मीटर. १/५०० ला ते जवळजवळ ४ सेंटीमीटर सरकतं, १/२५०० ला ८ मिलिमीटरच्या आत. आणि हे अंगाचं झालं, पंखाचं टोक त्याहून जोरात फिरतं. उठताना वेग कमी असतो पण पंखाची फडफड सर्वांत जोरकस असते, म्हणून तिथेही सूट नाही.

एक्सपोजर: ऑटो आयएसओवर सोडू नका. पक्षी चकाकत्या पाण्यावरून गडद बाभळींसमोर गेला की उजेड मोजणारं मीटर हेलकावे खातं आणि तलवार बदकाची पांढरी मान जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. ऊन एकसारखं असेल तर शटर, ॲपर्चर, आयएसओ तिन्ही हाताने बांधा. एक टेस्ट शॉट पांढऱ्या बगळ्यावर घ्या. त्याचं पीस जळत नसेल तर बाकी काहीच जळणार नाही. बगळे आपल्याकडे कमी नाहीत.

मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर अजून एक. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना सांभाळा. स्टॅक्ड (झटपट वाचला जाणारा) सेन्सर नसेल तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. पंख रबरासारखा वाकलेला येतो. तो लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ होत नाही. मेकॅनिकल शटर ठेवा, आवाज झाला तरी पन्नास-साठ मीटरवरच्या बदकाला फरक पडत नाही.

---

खाम_नदी

@अर्धा_स्टॉप, मग प्री-कॅप्चरचं काय? ऐकलंय की बटण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही साठवतात. उसळण्याच्या क्षणासाठी तेच पाहिजे ना?

---

अर्धा_स्टॉप

पाहिजे, पण मेख आहे. कॅनन आर७ मध्ये रॉ (कच्च्या फाइलींच्या) बर्स्टला अर्ध्या सेकंदाचं प्री-शूटिंग आहे, पण ते इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं आणि त्या सेन्सरचं वाचन संथ आहे. पुन्हा वाकडे पंख. निकॉन झेड८ चा सेन्सर वेगवान आहे, पण तिथे प्री-रिलीजमध्ये जेपेग मिळतो, रॉ नाही. ओएम-१ मध्ये रॉ मिळतो, पण सेन्सर लहान, मायक्रो फोर थर्ड्सचा. या तिघांपैकी एकातही सगळं नाही.

खरं सांगायचं तर टिबुकलीताईंनी सांगितलेली मान ताठ होण्याची खूण हेच प्री-कॅप्चर आहे, आणि ते फुकट आहे.

---

फोकसबाहेर

मी नवीन आहे. डीएसएलआर, १५०-६०० लेन्स. माझा फोकस दर वेळी बदकाला सोडून मागच्या लाटांवर जातो. काय करू? कॅमेरा बदलू?

---

लातूरकर

कॅमेरा बदलू नका. सवय बदला. फोकस शटर बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या, सतत फोकस चालू ठेवा. फोकसचा मधला लहान झोन निवडा, सगळे पॉइंट उघडू नका, कारण ऊन पडलेल्या लाटेच्या कडा बदकाच्या तपकिरी डोक्यापेक्षा कॅमेऱ्याला जास्त आवडतात. आणि मुख्य म्हणजे पक्षी उडाल्यावर त्याला शोधायचं नाही. बसलेला असतानाच त्याच्यावर फोकस धरायचा, तसाच धरून राहायचं आणि त्याच्याबरोबर उठायचं.

सरावासाठी पैठणला जायचीही गरज नाही. गच्चीवरून पारवे पकडा. पारवा लागायला लागला की बदक सोपं वाटतं. संभाजीनगरात असाल तर सलीम अली सरोवराच्या कडेने पाणकावळे आणि बगळे आहेतच.

---

गाळपेरा

राम राम मंडळी. मी काय फोटू काढत नाही, पण वाचायलो अन् हसू यायलंय. आमचं रान फुगवट्याच्या कडेलाच हाय. पाणी हटलं की गाळात हरबरा, गहू पेरतोत, म्हणून हे नाव घेतलं.

तुमी ज्याला पट्टकादंब म्हणता ते आमच्या हरबऱ्यावर पहाटंच येऊन बसतेत. कोवळा शेंडा खातेत. शे-दोनशे बसले तर एका सकाळी कोपरा साफ. मग आमी डबडं वाजवतो अन् ते उठतेत. म्हंजे तुमाला उडता थवा पायजे त्यासाठी होडी करून पाण्यात जायची गरजच न्हाई. धुऱ्यावर गप बसा, शेतकरी आला की थवा आपसूक उठतो. फकस्त हरबऱ्यात पाय देऊ नका. मागं एक जण ट्रायपॉड घेऊन थेट सरीत घुसला व्हता. पाखरापरीस त्यानंच जास्त नुकसान केलं.

अन् जाळ्याचं म्हणाल तर ती काठी तिथं हाय ते हायच. फोटूतून काढली म्हणून पाण्यातून निघती व्हय?

---

टिबुकली

गाळपेराभाऊ, शेवटचं वाक्य फार नेमकं बोललात.

पण डबड्याबद्दल इथे वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. शेतकरी पीक वाचवायला पाखरं उठवतो ते वेगळं. फोटोसाठी होडीवाल्याला जास्तीचे पैसे देऊन थव्यात होडी घालायला लावणं वेगळं, आणि तो प्रकार होतो. ही बदकं मध्य आशिया, सायबेरियापासून येतात, पट्टकादंब मंगोलिया-तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. दर उठवणीत ती जळते. शिवाय जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. ड्रोनचा तर विचारही नको.

थांबलात तर उठवणारा आपोआप येतो. मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी पाण्यावरून एक चक्कर मारतो आणि सगळं पाणी उठतं. त्या उठण्याला अर्थ असतो, फोटोत तो दिसतो. होडीने उठवलेल्या थव्यात सगळ्या शेपट्या तुमच्याकडे असतात. म्हणजे फोटो म्हणूनही तो वाईटच.

---

येलदरी

मी परभणीकडचा. आमच्याकडे येलदरी, सिद्धेश्वर. इथला अनुभव असा की पाऊस चांगला झालेल्या वर्षी फोटो वाईट येतात! धरणं काठोकाठ, गावतळीसुद्धा भरलेली, बदकं सगळीकडे विखुरतात, उथळ कडा बुडालेल्या. पाणी कमी असलं की उरलेल्या डबक्यात गर्दी. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या काळात जिथे पाणी शिल्लक होतं तिथे पक्ष्यांची काय दाटी होती. फोटो भरपूर झाले, पण ते बघताना आनंद होत नाही. असो, विषयांतर झालं.

मुद्द्याचं: खाम_नदी, तुमचा फोटो मोठा करून बघितला. पीस मेणासारखं झालंय ते फक्त नॉइज काढल्यामुळे वाटत नाही. मूळ फाइलमध्येच पाण्यालगत किंचित थरथर आहे. बदक किती लांब होतं?

---

खाम_नदी

७० मीटर तरी असेल.

---

येलदरी

मग तेच. पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं, त्यामुळे पाण्यालगत हवा हलत असते. नऊ-दहानंतर उलट गाळाची जमीन तापते आणि पुन्हा हलते. लांब लेन्सला ती सगळी दिसते. ही शार्पनेसची कमी नाही, मधल्या हवेने प्रतिमा मोडलेली असते. त्यावर शार्पनिंग लावलं की मोडकेपणाच ठळक होतो. एकच उपाय, अंतर कमी करा. पाण्याच्या पातळीला झोपून, जाळीचं कापड अंगावर घेऊन, उजाडायच्या आधी जागा धरून. ३० मीटरवर आलेलं साधं चक्रांग ७० मीटरवरच्या तलवारीपेक्षा सुंदर दिसतं.

---

अर्धा_स्टॉप

आता प्रोसेसिंगकडे येतो, कारण दुसऱ्या फोटोत बरंच काही झालंय.

तलवार बदकाच्या नराच्या कुशीवर राखाडी रंगात अतिशय बारीक नागमोडी रेषा असतात. त्याची ओळखच ती. एआय डिनॉइजला (नॉइज काढणाऱ्या साधनाला) त्या रेषा आणि नॉइज यातला फरक अशा फाइलमध्ये कळत नाही. एक तर पुसून टाकतो, मेण होतं. नाहीतर स्वतःच्या मनाने रेषा काढतो, आणि ते जास्त वाईट, कारण बघणाऱ्याला ते खरं वाटतं. लाइटरूममध्ये २०२३ पासून डिनॉइज आलंय, त्याचा आकडा आपोआप ५० वर येतो आणि लोक तो तसाच सोडतात. आयएसओ १२५० ला २०-२५ पुरे. कुशीवर १०० टक्के मोठं करून बघा, रेषा दिसेनाशा व्हायच्या आधी थांबा. राहिलेली नॉइज पार्श्वभूमीवर मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) वेगळी काढा. पाण्याला पीस नसतं, तिथे कितीही गुळगुळीत करा.

क्रम महत्त्वाचा. आधी डिनॉइज, मग एक्सपोजर-रंग, मग क्रॉप, शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि तेही फक्त पक्ष्यावर. तुम्ही पूर्ण फ्रेमला शार्पनिंग दिलंय, त्यामुळे मागच्या लाटाही डोळ्यात टोचतायत.

पंखाच्या कडेला पांढरट रेघ दिसतेय, ती मास्कची. 'सिलेक्ट सब्जेक्ट' ने पंखाच्या टोकाची पातळ पिसं नीट पकडली नाहीत आणि तुम्ही पार्श्वभूमी गडद केलीत. ब्रशने हाताने कडा सुधारा किंवा गडद करणं निम्म्यावर आणा.

---

लातूरकर

+१. आणि क्षितिज. फ्रेम डावीकडे झुकलीय. दुसरा काठ दिसत नाही म्हणून कळत नाही असं वाटतं, पण पाणी शांत असेल तर एक पक्की खूण आहे: पक्ष्याचा डोळा आणि प्रतिबिंबातला डोळा एका उभ्या रेषेत आले पाहिजेत. ग्रिड लावा आणि त्या दोन बिंदूंवर फिरवा. तुमच्या फोटोत पाणी हललंय, पण चोचीचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब अजून सापडतं. दीड-दोन अंश फरक आहे.

व्हाइट बॅलन्सबद्दल (रंगांच्या तोलाबद्दल) माझं मत वेगळं आहे, इतरांना पटेलच असं नाही. पांढरी मान शुद्ध पांढरी करायच्या नादात तुम्ही सकाळच काढून टाकलीत. साडेसातच्या उन्हात पांढरं पीस थोडं पिवळसरच दिसतं. ते राहू द्या. डोकं चॉकलेटी असतं, तुमच्या दुसऱ्या फोटोत ते जांभळट झालंय, त्याचं कारणही हेच.

---

अर्धा_स्टॉप

जांभळटाचं माहीत नाही, पण रंग बिघडण्याचं आणखी एक कारण असू शकतं. फाइल ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत एक्सपोर्ट केलीय का? वेबसाठी एसआरजीबी करा. लांब बाजू २०४८ पिक्सेल, स्क्रीनसाठी हलकं शार्पनिंग. मग बघा, वेबवर रंग जागेवर येतील.

---

खाम_नदी

होय, ॲडोबी आरजीबीच होती! बदलून लातूरकरांचा पिवळसरपणाही परत आणतो.

आता जाळ्याचं बोला. घरात एक म्हणतंय काढ, भिंतीवर लावायचाय. दुसरं म्हणतंय काढलंस तर ते चित्र झालं, फोटो नाही.

---

फोकसबाहेर

काढा की. फोटोशॉपच्या कंटेंट अवेअरने दोन सेकंदांचं काम. बघणाऱ्याला बदक बघायचंय.

---

टिबुकली

कशासाठी वापरणार त्यावर आहे. स्पर्धेला पाठवायचा असेल तर प्रश्नच नाही. फियाप, पीएसए, आरपीएस या छायाचित्रण संस्थांची निसर्ग छायाचित्रणाची एकत्रित व्याख्या आहे. क्रॉप चालतो, डाग-नॉइज काढणं चालतं, उजेड कमीजास्त करणं चालतं. पण फ्रेममधली गोष्ट काढणं, हलवणं, नवीन घालणं चालत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच व्याख्येत माणसाने केलेल्या वस्तूही नकोत, निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असल्या तरच चालतात. शास्त्रज्ञांनी घातलेल्या पट्ट्या-कड्यांना सूट आहे. म्हणजे तुमची काठी काढलीत तर नियम मोडतो, ठेवलीत तर परीक्षक नाक मुरडतो. उरतो क्रॉप. पण डावीकडून क्रॉप केलात तर थेंबांची माळ जाते.

भिंतीसाठी हवा असेल तर काढा, कुणाच्या बापाचं काय जातं. फक्त तोच फोटो पुढे 'नाथसागरावरचं निसर्गजीवन' म्हणून फिरवू नका.

---

येलदरी

मी ठेवा म्हणेन, आणि भिंतीसाठीसुद्धा. नाथसागरावर जाळी आहेत हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बारीक नायलॉनच्या जाळ्यात बुडी मारणारे पक्षी अडकतात, पाणकावळा, टिबुकली, वारकरी, लालसरी. आपण सगळेच जाळी टाळून, क्रॉप करून, पुसून फोटो टाकत राहिलो तर दहा वर्षांनी आपल्या फोटोंमधला नाथसागर कुठेच नसलेला नाथसागर असेल. मासे धरणाऱ्यांचंही पोट आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण ते पाणी दोघांचं आहे आणि ही फ्रेम ते दाखवते. तुमच्या नकळत चांगला फोटो झालाय तो.

---

लातूरकर

येलदरी, भावना पटते, पण फोटो म्हणून बघा. दोन पांढरे तरंगे फ्रेममधले सर्वांत उजळ ठिपके आहेत. डोळा आधी तिथे जातो, मग बदकाकडे येतो. गोष्ट सांगायची असेल तर जाळं नीट दाखवणारी वेगळी, रुंद फ्रेम काढा. इथे ते ना धड गोष्ट आहे, ना धड पार्श्वभूमी.

मधला मार्ग: काढू नका, त्यांचा उजेड उतरवा. मास्क लावून तरंग्यांचे हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) खाली, थोडी सॅच्युरेशन कमी. वस्तू तिथेच राहते, डोळा मात्र बदकावर थांबतो. ही डार्करूममधली जुनी रीत आहे, टिबुकलीताईंच्या व्याख्येतही बसते.

---

गाळपेरा

ह्ये पटलं. काठी ऱ्हाऊ द्या, उजेड कमी करा.

अन् येत्या रविवारी कुणी येणार असाल तर पाणी आता बरंच खाली गेलंय, धुऱ्यापासून पाखरं जवळ यायलीत. वारा सकाळी उगवतीकडूनच सुटायलाय. फकस्त अंधारातच येऊन बसा, उजाडल्यावर चालत आलात की सगळं उठतं.

---

खाम_नदी

नवीन आवृत्ती वर, मूळ पोस्टमध्येच जोडली आहे. डिनॉइज २२, कुशीवरच्या रेषा परत आल्या (जिथे हवेने मोडल्या होत्या तिथे आल्या नाहीत, तो भाग तसाच ठेवला). कोन १.६ अंश फिरवला. मान पिवळसर. तरंग्यांचे हायलाइट्स उतरवले, काठी आहे तिथे आहे. वरचा पंख कडेला टेकलेला आहे, त्याला इलाज नाही. एआयने वर पाणी वाढवून मिळेल असं ॲप सुचवतंय, ते केलं नाही.

घरातला दुसरा तट जिंकला असं जाहीर झालंय. पहिला तट म्हणतोय, मग भिंतीवर थापट्याचा लाव.

@गाळपेरा, रविवारी मी आणि लातूरकर येतोय. गाडी रस्त्यावरच ठेवू, हरबऱ्याच्या कडेकडेने येऊ. बरोबर काय आणू?

---

गाळपेरा

काय बी नको. येताना मागच्या वेळचा एखादा फोटू छापून आणा, आईला बघायचाय ह्यो हरबरा खाणारा जवळून कसा दिसतो ते.

---

अर्धा_स्टॉप

मॅट पेपरवर छापा, ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात. १२ बाय १८ इंचांसाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) लांब बाजूला ५४०० पिक्सेल लागतील, तुमच्या क्रॉपमध्ये तेवढे उरले नसतील. ८ बाय १२ घ्या, त्याला ३६०० पुरतात. आणि छापायला देताना फाइल थोडी उजळ करा, स्क्रीनपेक्षा कागदावर नेहमी गडद येतं.